फुगडी घालताना गळतं म्हणून तालीम सोडली: व्यायामाच्या वर्गात ओटीपोटाचा तळ कसा सांभाळायचा?

तगर_५२ | ९ जून, रात्री १०.२०

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी सहा वर्षं सकाळचा व्यायामाचा वर्ग घेते. पस्तिशीपासून सत्तरीपर्यंतच्या बायका येतात. जून लागला की संध्याकाळी त्याच हॉलमध्ये मंगळागौरीच्या खेळांची तालीम सुरू होते, तीही माझ्याकडेच असते.

गेल्या आठवड्यात बसफुगडी रंगात आली असताना एक जण हात सोडून बाजूला झाली, पर्स उचलली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणाली, घरी पाहुणे आहेत. चार दिवसांनी जिन्यात भेटली तेव्हा खरं काय ते कळलं. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा आहे, आणि तो झाल्यापासून उडी मारली, जोरात शिंक आली की लघवी गळते. नऊ वर्षांत तिने हे कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, डॉक्टरांनाही नाही.

मग मी एकेकीला बाजूला घेऊन हळूच विचारलं. निम्म्याअधिक जणींना कमी-जास्त हाच त्रास आहे. कुणी वर्गाला येण्याआधी दोन तास पाणी पीत नाही, कुणी काळीच लेगिंग घालते, कुणी दोरीवरच्या उड्यांची वेळ झाली की फोन आल्याचं निमित्त करून बाहेर जाते. सहा वर्षं हे माझ्यासमोर चाललं होतं आणि मला दिसलं नाही, याचं फार वाईट वाटतंय.

आता मुख्य प्रश्न. मी वर्गात सारखं सांगत असते, "पोट आत घ्या, खालून आवळून धरा, सोडू नका!" पूर्ण तासभर. मला असंच शिकवलं होतं. पण नात्यातल्या एका मुलीने सांगितलं की हे चूक आहे, उलट अपाय होऊ शकतो. इथे कुणी जाणकार असेल तर नीट समजावून सांगाल का? मला वर्गात नेमकं काय बोलायचं ते हवं आहे.

सायंतारा | ९ जून, रात्री ११.०५

तगरताई, धागा काढलात ते फार चांगलं केलंत. मी त्या काळ्या लेगिंगवाल्यांपैकीच. जुळ्या मुली आहेत, सिझेरियन झालं होतं. मला वाटायचं सिझेरियन झालेल्यांना हा त्रास होत नाही. झुंबा तीन आठवड्यांत सोडला. कारण विचारलं तेव्हा गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.

माजघर | १० जून, सकाळी ७.४०

वाचतेय. आमच्या आईच्या पिढीत याला "बाळंतपणाची खूण" म्हणायचे आणि विषय संपायचा. इथे उत्तर मिळालं तर आईलाही वाचून दाखवेन.

वेलांटी | १० जून, दुपारी २.१५

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझं बरंचसं काम याच तक्रारींवर चालतं. जरा लांबलचक लिहिते.

आधी ही जागा समजून घेऊ. पुढे ओटीपोटाखालचं हाड, मागे माकडहाड, दोन्ही बाजूंना आपण ज्यांवर बसतो ती हाडं. या चौघांमध्ये स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. हाच ओटीपोटाचा तळ, इंग्रजीत पेल्विक फ्लोअर. मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग तिच्यावर टेकलेले असतात. नऊ महिने तिच्यावर वाढतं ओझं असतं, म्हणून सिझेरियन झालेल्यांनाही त्रास होतो, सायंतारा. नैसर्गिक बाळंतपणात ती खूप ताणली जाते, कधी फाटतेही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं तेव्हा तिथली त्वचा आणि ऊती पातळ होतात. वर्षानुवर्षं कुंथणं, जुना खोकला, वाढलेलं वजन यांचाही भार तिच्यावरच पडतो.

आता तुमचं "सोडू नका". ही झोळी श्वासाबरोबर हलते. श्वास घेतला की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली सरकतो आणि झोळीही किंचित खाली येते. श्वास सोडला की दोन्ही वर जातात. तासभर ती आवळून धरली तर ही हालचालच बंद पडते. बहुतेक जणी मग श्वासही रोखतात, पोटातला दाब वाढतो आणि तो सगळा खाली येतो. भाजीची पिशवी तासभर कोपर दुमडून धरली तर शेवटी हात कसा थरथरतो? स्नायू तसाच दमतो, आणि उडी येते तेव्हा नेमका त्यात जोर उरलेला नसतो.

जागा ओळखायची कशी ते सांगते. हे पहिल्यांदा घरी, पाठीवर झोपून, गुडघे दुमडून करा. चारचौघांत वात सरू नये म्हणून मागची जागा मिटून घेतो, तशी मिटा. मग तीच ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि आत, वर उचला. उचलणं महत्त्वाचं आहे, नुसतं दाबणं नाही. त्या वेळी कुल्ले घट्ट होत नाहीत ना, मांड्या एकमेकींकडे येत नाहीत ना, श्वास चालू आहे ना, हे बघा. ओटीपोट अगदी खाली किंचित आत जाईल, ते ठीक आहे. पोट बाहेर फुगत असेल तर तुम्ही उचलत नाही, ढकलताय. खात्री करायची असेल तर हातात आरसा घ्या. जागा आत जाताना दिसायला हवी.

आरसा सांगण्यामागे कारण आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत ४७ बायकांना नुसतं तोंडी सांगून हे करायला लावलं आणि उपकरणाने तपासलं. जेमतेम निम्म्यांना ते नीट जमलं. साधारण पाव जणी असं करत होत्या की त्याने गळणं वाढू शकलं असतं. म्हणून वर्गात "आवळा" एवढं ओरडून भागत नाही.

आणि एक, लघवी करताना धार मध्येच तोडून सराव करायचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. जागा ओळखायला एखाद्या वेळी केलं तर चालेल, पण त्याचा रोजचा व्यायाम करू नका. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

किती करायचं? सुरुवातीला तीन-चार सेकंद उचलून धरा आणि मग तितकाच वेळ, हवं तर दुप्पट वेळ, पूर्ण सैल सोडा. असं आठ ते दहा वेळा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. त्यानंतर दहा वेळा झटकन उचल, झटकन सोड. दिवसातून तीनदा. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेचं मार्गदर्शनही साधारण हेच आहे: एका वेळी किमान आठ, दिवसातून तीन वेळा, आणि किमान तीन महिने जाणकाराच्या देखरेखीखाली. शेवटचा भाग विसरू नका. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडून देणाऱ्या खूप भेटतात.

वर्गात काय बोलायचं ते रात्री लिहिते, पेशंट आले आहेत.

रानजाई | १० जून, संध्याकाळी ५.३०

वेलांटीताई, मी योग शिकवते. आमच्याकडे अश्विनी मुद्रा आणि मूलबंध आहेत. अश्विनी मुद्रेत मागच्या जागेचं आकुंचन आणि शिथिल करणं लयीत चालतं, मूलबंधात धरून ठेवायचं असतं. पण माझ्या गुरूंनी मूलबंध सुरुवातीला कधीच दिला नाही. म्हणायचे, आधी सोडता येऊ दे. आजकाल पहिल्याच वर्गात "मूलबंध लावा आणि सूर्यनमस्कार घाला" असं सांगतात, त्याने मला फार अस्वस्थ व्हायला होतं.

कपालभातीचं काय? ज्यांना त्रास आहे त्यांनी करावी का?

कडधान्य | १० जून, रात्री ८.१०

हे वाचून लिहायचं धाडस करतेय. माझं वय २७, लग्नाला दीड वर्ष. मला गळत नाही, उलट आहे. लघवीला बसलं की धार सुरू व्हायला वेळ लागतो, बद्धकोष्ठ आहे आणि संबंधाच्या वेळी खूप दुखतं. पिलाटेसच्या वर्गात सरांनी कीगल (म्हणजे हाच आवळायचा-सोडायचा व्यायाम) करायला सांगितलं, मी मन लावून दोन महिने केलं आणि दुखणं वाढलं. मला वाटलं मीच नीट करत नाहीये, म्हणून अजून जास्त केलं.

वेलांटी | १० जून, रात्री १०.४०

कडधान्य, आधी तुला उत्तर देते, बाकीच्या थांबतील. कीगल आजपासून बंद कर. तू जे लिहिलं आहेस त्यावरून ही झोळी सैल नसावी, उलट सतत आखडलेली असावी. आखडलेला स्नायूही दुबळा असू शकतो, कारण त्याला आणखी आवळायला जागाच नसते. त्याला आधी सैल व्हायला शिकवावं लागतं. पाठीवर झोप, गुडघ्यांखाली उशी घे. श्वास नाकाने पोटात उतरू दे आणि तो खाली पोचतो तसतशी मागची जागा आपोआप उमलते आहे असं बघ. ढकलू नकोस, नुसतं होऊ दे. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. बालासन, किंवा पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणं हेही चांगलं. पण हा घरगुती उपाय झाला. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव आणि पेल्विक फ्लोअरचं काम करणारी फिजिओ गाठ. संबंधात दुखणं हे सहन करायचं दुखणं नाही, आणि त्यात तुझी काहीही चूक नाही. नवऱ्यालाही सोबत घेऊन जा.

तगरताई, म्हणूनच वर्गात सगळ्यांना सरसकट "आवळा" सांगणं धोक्याचं आहे. समोर वीस जणी असतील तर त्यात एखादी कडधान्य असतेच, आणि ती बोलत नाही.

रानजाई, तुमच्या गुरूंचं बरोबर होतं. कपालभातीत पोटाला मारलेला झटका खाली ढकलल्यासारखा जाणवत असेल, जडपणा येत असेल किंवा गळत असेल तर ती थांबवावी आणि साधा दीर्घ श्वास घ्यावा. ज्यांचं अंग (गर्भाशय वगैरे) खाली उतरलं आहे त्यांना मी कपालभाती आणि दोन्ही पाय एकदम उचलायचे प्रकार देत नाही. बाळंतपणानंतर निदान पहिले तीन महिने धावणं आणि उड्या नकोत, आणि त्यानंतरही आधी तपासून घ्यावं.

पॅरिसकर_मुग्धा | ११ जून, पहाटे ३.१५

मी बारा वर्षं फ्रान्समध्ये आहे. इथे बाळंतपणानंतर तपासणीत डॉक्टर किंवा सुईण पेरिनियमच्या, म्हणजे याच जागेच्या, व्यायामाची चिठ्ठी देतात, सहसा दहा वेळा जायचं असतं आणि खर्च सरकारी आरोग्य विम्यातून मिळतो. मला पहिल्यांदा इतकी लाज वाटली होती की मी चिठ्ठी कपाटात ठेवून दिली. आमच्या सुईणीने फोन करून बोलावून घेतलं. ती म्हणाली, पाय मोडला असता तर आली असतीस ना चालायला शिकायला? या व्यायामानंतरच पोटाचे व्यायाम आणि धावणं सुरू करायला सांगतात.

सुट्टीत पुण्याला आले तेव्हा बहिणीला विचारलं. बाळंतपणानंतर तिला डिंकाचे लाडू, शेक, मालीश, पोटपट्टा सगळं मिळालं होतं. याबद्दल मात्र कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

दत्ताराम_के | ११ जून, सकाळी ९.००

या धाग्यावर पुरुषाने लिहावं की नाही असा विचार करत होतो, पण लिहितो. माझं वय ६८. दोन वर्षांपूर्वी प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. लघवीची नळी काढल्यावर खुर्चीतून उठलो की लघवी व्हायची. डायपर लावून नातवाच्या मुंजीला गेलो होतो. फिजिओने हेच व्यायाम शिकवले. आम्हा पुरुषांना खूण अशी सांगितली होती की लिंगाचा मूळभाग आत ओढला जायला हवा आणि वृषण किंचित वर उचलले जायला हवेत. आधी झोपून, मग बसून, मग उठताना, असं करत साधारण पाच महिन्यांत पॅड सुटलं. माझ्या वयाच्या मित्रांना मी आता उघडपणे सांगतो.

तगर_५२ | ११ जून, सकाळी ११.२५

दत्तारामकाका, तुमचे मनापासून आभार. सकाळच्या वर्गाला येणाऱ्या एका आजींच्या यजमानांना नुकतीच हीच शस्त्रक्रिया झाली आहे. तुमचा प्रतिसाद त्यांना दाखवते.

वेलांटीताई, वर्गातल्या सूचनांची वाट बघतेय.

वेलांटी | ११ जून, रात्री ९.५०

उशीर झाला. आता वर्गाचं.

पहिलं, श्वास. जिथे जोर लागतो तिथे श्वास सोडायचा. स्क्वॉटमधून उठताना, डंबेल उचलताना, पुशअपमध्ये वर येताना. श्वास सुटायला लागला की खालून हलकेच उचला, खाली जाताना श्वास घ्या आणि सोडून द्या. म्हणजे प्रत्येक आवर्तनात उचलणंही झालं, सोडणंही झालं. घरातही हेच: पाण्याची बादली, सिलिंडर, नातवंडाला कडेवर घेणं. कळशी उचलताना आपल्या आज्या तोंडाने जो "हुश्श" करायच्या, तसं.

दुसरं, पूर्ण ताकद लावू नका. "शंभर टक्के आवळा" कधीच नाही. साध्या हालचालीला जेमतेम तिसरा हिस्सा जोर पुरे. जड वजनाला जास्त.

तिसरं, खोकला, शिंक, किंवा एकच मोठी उडी येणार हे कळलं की क्षणभर आधी उचलून घ्या. यावर १९९८ मध्ये अमेरिकेत अभ्यास झाला. फक्त ही एक युक्ती आठवडाभर शिकवल्यावर खोकताना गळणं बरंच कमी झालेलं दिसलं. पण सलग उड्यांमध्ये प्रत्येक उडीला मुद्दाम आवळायला जाऊ नका. ते जमत नाही आणि लय बिघडते. तिथे उपयोगी पडतो तो घरी महिनोन्‌महिने केलेला सराव. वर्गात उड्यांची आवर्तनं छोटी ठेवा, गुडघे सैल, पाय आवाज न करता टेकू द्या.

चौथं म्हणजे पर्याय. प्रत्येक उडीच्या प्रकाराला न उडता करायचा प्रकार तुम्ही स्वतः आधी करून दाखवा, मग उडीचा. "ज्यांना झेपत नाही त्यांनी हे करा" असं म्हणू नका, त्याने कुणीही तो घेत नाही. प्लँक गुडघे टेकून चालतो. क्रंचेसमध्ये पोटाच्या मधोमध उभा उंचवटा दिसला तर तो प्रकार थांबवा.

पाणी पिणं कमी करायला लावू नका. लघवी दाट झाली की मूत्राशय चिडतं आणि जास्त वेळा जावं लागतं. वर्गाआधी एकदा जाऊन येणं ठीक, पण दर अर्ध्या तासाला "असूदे, जाऊन येते" ही सवय नको. शौचाला कुंथू नका. कमोड असेल तर पायांखाली छोटं स्टूल घ्या.

आणि हे सगळ्यांना सांगा: लघवीत रक्त, जळजळ, खाली गोळा आल्यासारखं वाटणं, यात आधी डॉक्टर, व्यायाम नंतर. अचानक लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, किंवा लघवी होतच नाही, आणि बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर तडक हॉस्पिटल. त्यात मणक्यातल्या नसा दबलेल्या असू शकतात.

आजोळ_संगमेश्वर | १२ जून, दुपारी ४.००

आमच्या गावाकडे "अंग बाहेर येतं" म्हणतात. माझ्या मावशीचं येत होतं. भात लावणीत दिवसभर वाकून उभी, वर डोक्यावर हंडा. पंधरा वर्षं लुगड्याची घडी घालून बांधून वावरली. शेवटी पिशवी काढली. वेलांटीताई, व्यायामाने ते वर जातं का? खरं सांगा.

वेलांटी | १२ जून, रात्री १०.१५

खरं सांगते. थोडंसं उतरलं असेल तर व्यायामाने जडपणा आणि त्रास कमी होतो, पुढे वाढायचा वेगही कमी होऊ शकतो. पूर्ण बाहेर आलेलं अंग नुसत्या व्यायामाने जागेवर जात नाही. पण शस्त्रक्रिया हा एकच रस्ताही नाही. आत बसवायची रिंग मिळते, तिला पेसरी म्हणतात. डॉक्टर मापाने बसवतात, ठरावीक काळाने स्वच्छ करून पुन्हा घालतात, आणि अनेक जणी तिच्यासह शेतात काम करतात. तुमच्या मावशीला हे कुणी वेळेवर सांगायला हवं होतं. मला हे लिहिताना फार वाईट वाटतंय.

सायंतारा | १५ जून, रात्री ९.३०

चार दिवस करतेय. पहिल्या दिवशी आरशात बघितलं तर मी खरोखर ढकलत होते. सहा वर्षं "कीगल करते" असं समजून!

कडधान्य | २८ जून, रात्री ११.००

डॉक्टरांकडे जाऊन आले. आखडलेलंच आहे. फिजिओचे दोन सेशन झाले, नवरा बरोबर होता. धार लगेच सुरू होते आता. बाकीचं सावकाश होईल म्हणाल्या. ताई, तुम्ही त्या रात्री उत्तर दिलं नसतं तर मी अजून कीगलच करत बसले असते.

तगर_५२ | ३ ऑगस्ट, रात्री ८.४५

बरेच दिवसांनी लिहितेय. वर्ग बदलला आहे. सुरुवातीची पाच मिनिटं सगळ्या जणी पाठीवर झोपतात, नुसता श्वास आणि सैल सोडणं. मी "आवळून धरा" म्हणणं बंद केलंय. आता "श्वास सोडा, उचला... घ्या, सोडून द्या" म्हणते. पहिल्या आठवड्यात जीभ जुन्याच सवयीने वळायची. शौचालय हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतं, म्हणून तालमीची जागाच बदलून दाराजवळ आणली.

बसफुगडी आणि कोंबडा आता तीन-तीन मिनिटांऐवजी चाळीस सेकंद, मध्ये पिंगा किंवा झिम्मा. पर्स उचलून गेली होती ती परत आली आहे. उभ्या फुगडीला असते, बसफुगडीला टाळ्या धरते. तीन महिने पूर्ण झाल्यावर बघू म्हणाली.

एकच अडलंय. उभ्या फुगडीत श्वास कधी सोडायचा? गिरकी सुरू झाली की सगळ्या जणी श्वास धरतात, मीसुद्धा.

वेलांटी | ३ ऑगस्ट, रात्री १०.०५

गाणं म्हणायला लावा. दोघींनीही, मोठ्याने, गिरकी संपेपर्यंत. गाताना श्वास धरता येत नाही. ज्या क्षणी गाणं तुटेल, त्या क्षणी गिरकी थांबवा.